पाहुण्यांसाठी हिरवं केलेलं रान

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत जी पट्टी असते तिची मी थोरली बहीण, आणि आता चांगलीच जुनी झालेली. फरक इतकाच की माझ्यावर इंच नाहीत आणि सेंटिमीटरही नाहीत. माझ्या अंगावर हिरव्या रंगाचे सहा चौकोन आहेत. पहिला पिवळट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. शेवटचा इतका गडद की काळाच वाटावा. पिकाचं पान माझ्यावर धरायचं आणि ते कोणत्या चौकोनाशी जुळतं ते बघायचं. पान फिकं निघालं तर पिकाला नत्र म्हणजे नायट्रोजन हवा आहे. पाचव्याशी जुळलं तर पिकाचं पोट भरलेलं आहे, युरियाची गोणी उघडू नका. मला पानरंग पट्टी म्हणतात. माझं सगळं शिक्षण एवढंच.

माझा नमुना समुद्रापलीकडच्या भातशेतीतून आला, पण मला ओतलं वाळूजच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. साच्यातून निघाले तेव्हा ज्या कामगाराने मला उचललं तो शेजारच्याला म्हणाला, "ही कसली पट्टी रे? हिच्यानं धड रेघ मारता येईना, ना पोराला मार देता येईना."

"मग शिबिरात वाटायची असंल," दुसरा म्हणाला.

त्याचं खरं निघालं. देवगाव रंगारीला एका मंगल कार्यालयात शिबिर झालं. माझ्या सगळ्या बहिणी आणि मी तिथे वाटल्या गेलो. आमच्याबरोबर पोहे होते, चहा होता आणि फोटो होता. पोहे आधी संपले. फोटोसाठी सगळ्यांनी आम्हाला छातीशी धरलं, जशी काही आम्ही बक्षिसंच. पुढच्या हंगामापर्यंत माझी एक बहीण कढईतलं करपलेलं बेसन खरवडत होती, दुसरी खिडकीचं दार वाजू नये म्हणून फटीत खोचलेली होती. मला कुणाची निंदा करायची नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला माणूस कामाला लावतोच, फक्त तिच्या कामाला लावत नाही.

माझं नशीब त्या मानाने बरं. मी कडूबाच्या घरी गेले. कडूबा देवगावातला बऱ्यापैकी जमीनदार शेतकरी, मक्याचा माणूस. स्वभाव संशयी, पण एकदा पटलं की पक्का. त्याने मला विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलं आणि खरंच वापरलं. सकाळी पान तोडायचा, सावलीत धरायचा आणि पुटपुटायचा, "पाचवा. म्हंजी नको." शेजारी गोण्या टाकत असताना हात आवरून बसणं सोपं नसतं, मित्रांनो. शेजाऱ्याचं पीक आपल्यापेक्षा हिरवं दिसलं की माणसाची झोप उडते. कडूबाने ती झोप उडवून घेतली, पण गोणी उघडली नाही.

त्याचं अर्धं श्रेय मेंढ्यांचं होतं. भिकन नावाचा धनगर दर उन्हाळ्यात आपला कळप कडूबाच्या मोकळ्या रानात बसवायचा. संध्याकाळी जाळीचा वाडा ठोकायचा आणि रोज थोडा पुढे सरकवायचा, म्हणजे लेंड्या आणि मूत सगळ्या रानात सारखं मुरायचं. मक्याला त्यातूनच नत्र मिळायचं. त्याबदल्यात कणसं काढून झाली की उभी ताटं आणि पाला भिकनच्या मेंढ्यांचा. दोघांच्या बापांपासून हे असंच चालत आलं होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून कधी मोडलंही नव्हतं. भिकनला जमीन नव्हती. त्याचं रान, त्याची बँक आणि त्याचं म्हातारपण, सगळं त्या चार पायांवर चालत होतं. त्याची आई आक्काबाई मात्र कडूबाला ऐकवायची, "पाटील, तुमच्या मक्याचं अर्धं जेवण आमच्या मेंढ्या घालत्यात, अन् फोटोत तुमी एकटेच."

फोटो काढणारा होता प्रणय. तरुण, शिकलेला, बोलायला गोड, आणि नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. तो ज्या प्रकल्पात होता त्याची कल्पना चांगली होती, हे मी कबूल करते. त्यात आपल्यासकट शेजारचे काही देश होते. ते एकत्र का आले, तेही ऐका. पिकाला न लागलेला युरिया जागेवर बसून राहत नाही. थोडा विहिरीत उतरतो. थोडा ओढ्यातून शिवना नदीत, शिवनेतून गोदावरीत आणि तिथून पार दुसऱ्या राज्याच्या समुद्रात जातो. थोड्याचा वायू होतो आणि तो आकाशात जातो, तिथे तर कुणाचीच हद्द नाही. एका देशाने हात आवरला आणि शेजाऱ्याने गोण्या सोडल्या तर घाण दोघांच्याही वाट्याला येते. म्हणून सगळ्यांनी ठरवलं होतं की प्रत्येक देशात नमुन्याची शेतं ठेवायची आणि सगळीकडे एकाच पट्टीने मोजायचं. म्हणजे माझ्या जातीच्या पट्टीने. एकाने खोटं मोजलं की सगळ्यांचंच मोजमाप वाया.

आपल्याकडच्या नमुन्यांत कडूबाचं रान होतं. अट साधी होती. फक्त मेंढ्यांचं खत, वरून युरिया नाही.

मग एका पावसाळ्यात या देशांचे पाहुणे यायचं ठरलं. परिषद शहरातल्या मोठ्या हॉटेलात, आणि एक दिवस शेतभेट. नेमका तेव्हाच पाऊस ताणला. मक्याची पानं सुरळीसारखी वळली आणि रान लांबून निस्तेज दिसायला लागलं. प्रणय मोटारसायकलवरून आला, मला खिळ्यावरून काढलं आणि कडूबाबरोबर चार ठिकाणी पानं धरून पाहिली.

"पाचव्यालाच जुळायलंय," कडूबा म्हणाला. "तहान लागलीय त्याला. भूक नाय."

"मला कळतं काका. पण वरून साहेबांचा फोन होता. म्हणाले, रान हिरवंगार दिसलं पाहिजे. बाकीच्या देशांचे प्लॉट हिरवे अन् आपलाच पिवळा दिसला तर काय शोभा राहणार?"

"मग काय करू? रंग देऊ?"

"दोन गोण्या टाका," प्रणय आवाज खाली आणून म्हणाला. "अन् विहिरीचं एक पाणी द्या. एकदाच. कुणाला बोलू नका."

कडूबाची बायको द्वारकाबाई चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले. "युरिया कमी टाका म्हणून सांगायला येणारेत ना हे पाहुणे?"

"हो काकू."

"अन् त्यांच्यासाठीच युरिया टाकायचा. म्हंजी उपासाचा माणूस जेवायला येणार म्हणून बोकड कापायचं."

प्रणय हसला. "काकू, तुम्हीच या परिषदेला."

"मला बोलवू नका. मी खरं बोलून बसंन."

कडूबा हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. पण पाहुण्यांसमोर घर नीटनेटकं दिसावं असं कुणाला वाटत नाही? आपल्याकडे पाहुणे येणार म्हणून भिंतीला रंग देतात, नवी चादर अंथरतात. कडूबाने तेच केलं, फक्त भिंतीऐवजी रानाला. दोन गोण्या म्हणता म्हणता चार झाल्या, कारण रस्त्याकडची बाजू जास्त दिसणार होती.

वापरलेली पट्टी दाखवायला बरी म्हणून प्रणय मला शहरात घेऊन गेला. हॉटेलच्या गार खोलीत मी टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकून सगळं ऐकलं. माझ्या पाठीवर सूचना इंग्रजीत छापलेल्या आहेत, त्यामुळे ती भाषा मला समजते. एका वाक्यावर दुपार गेली. एक देश म्हणाला, वाया जाणारं नत्र 'निम्मं करू' असं लिहा. दुसरा म्हणाला, 'निम्मं करण्याचा प्रयत्न करू'. तिसऱ्याला त्यात 'आपापल्या परिस्थितीनुसार' हवं होतं. चौथ्याने विचारलं की निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं, आणि मग सगळे चहाला उठले. मला हसू आलं नाही. ज्याला त्याला आपल्या घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं. पण एक गोष्ट मी मनात टिपली. वाक्य मऊ करायला सगळे होते. त्या वाक्याखाली ज्यांची जनावरं चरणार होती, त्यांच्यापैकी खोलीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बस देवगावात आली. रान खरोखर डोळ्यात भरत होतं. भिकनला कळप घेऊन बांधावर उभं केलं होतं, कारण मेंढ्याही दाखवायच्या होत्या. आक्काबाई काठी टेकून शेजारी. पाहुण्यांनी मेंढ्यांचे फोटो काढले, मक्याचे काढले, आक्काबाईच्या नथीचे काढले.

पाहुण्यांत शेजारच्या देशाच्या एक बाई होत्या, मातीच्या शास्त्रज्ञ. त्यांनी एकट्यांनीच मला मागून घेतलं. रानात आत गेल्या, पान धरलं, मग दुसरं, मग तिसरं. पान पाचव्या चौकोनाला जुळत नव्हतं. ते सहाव्याला भिडलं होतं. त्या परत बांधावर आल्या आणि प्रणयला इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाल्या, "हा रंग मेंढ्यांच्या खताचा नाही. इथे वरून काहीतरी टाकलं आहे. सगळ्यांसमोर मी तो विषय काढणार नाही. पण पावसाने अशीच ओढ दिली तर ह्या ताटांत नायट्रेट साठेल, आणि ते जनावराला विष आहे. तपासल्याशिवाय इथे एकही मेंढी सोडायची नाही. ह्यांना सांगा. आत्ता सांगा."

'ह्यांना' म्हणताना त्यांनी भिकनकडे बोट केलं होतं.

प्रणयच्या मागे त्याचे वरचे साहेब उभे होते, आणि साहेबांच्या मागे सगळे देश. तो भिकनकडे वळला.

"मॅडम म्हणतात, मका लई भारी आलाय."

भिकनने हात जोडले. बाईंना वाटलं, निरोप पोचला. त्यांनीही हात जोडले. मराठी त्यांना येत नव्हती, आणि जी पट्टी सगळं समजून बसली होती तिला तोंड नव्हतं.

प्रणय वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. पाहुणे गेले की सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं असावं. पण पाहुण्यांना विमानतळावर सोडायचं होतं, मग अहवाल होता, मग अहवालावरचा अहवाल. मला त्याने जाता जाता खिळ्याला परत टांगलं तेव्हासुद्धा कडूबा समोर होता. तेव्हाही जमलं असतं.

त्यानंतर पाऊस आलाच नाही. विहीर तळाला गेली. मका नुसता उंच आणि हिरवा, कणसं बोटाएवढी. कडूबाने काढण्यासारखी होती ती काढली आणि भिकनला निरोप धाडला. माळावर गवताची काडी नव्हती, मेंढ्या भुकेल्या होत्या. भिकन सकाळीच कळप घेऊन आला. कडूबाने स्वतः काट्याचं कुंपण बाजूला ओढलं.

"सोड. खाऊ दे पोटभर," तो म्हणाला. "औंदा कणसात काय नाय. ताटं तरी कुणाच्या कामी येऊ दे."

"लई उपकार दादा."

"उपकार कशाचे? तुजंच हाय ते."

मित्रांनो, त्या वाक्यात काहीही खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला आजही सहन होत नाही.

ऊन वर चढलं तशी एक मेंढी रांगेतून बाजूला झाली आणि दारू प्यायल्यासारखी डुलायला लागली. आक्काबाईने ती आधी पाहिली. "भिकन, ही बघ कशी चालायली." भिकन तिच्याकडे धावला तोवर दुसरी बसली होती, तिसरी तोंड उघडून धापा टाकत होती. जिभा लाल राहिल्या नव्हत्या, निळसर मातकट झाल्या होत्या. भिकन आरडाओरडा करत कळप रानाबाहेर हाकायला लागला. ज्या चालू शकत होत्या त्या निघाल्या. कडूबा एकेक मेंढी उचलून सावलीत आणत होता. मोटारीच्या खोलीच्या दारात त्याने ज्या ठेवल्या त्यांचं मरण मी दीड हातावरून पाहिलं.

तालुक्याहून, कन्नडहून, जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी एका मेंढीचं रक्त काढलं. ते चहासारखं तपकिरी होतं. त्यांनी उरलेल्यांना भराभर इंजेक्शनं दिली आणि हात पुसत विचारलं, "मक्याला युरिया टाकला होता का?"

कडूबाने बायकोकडे पाहिलं.

"पाहुण्यांपुरता टाकला होता," द्वारकाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं ते नेमकं बाईंचंच बोलणं होतं. फक्त आता ते मराठीत होतं, आणि उशिरा होतं. काही मेंढ्या वाचल्या. निम्म्याहून जास्त कळप रानात आडवा होता.

दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला जेसीबी आलं. कडूबा म्हणाला, रानाच्या कोपऱ्यात पुरू, खोल खणू. भिकन उठला.

"इथं नाय, दादा. ट्रॉली द्या. आमच्या माळावर नेतो."

"अरे, एवढं लांब कशाला?"

"आजवर लई खत दिलं तुमच्या रानाला," भिकन म्हणाला. "एवढं नाय देणार."

कडूबाने ट्रॅक्टर स्वतः चालवला.

ते परतले तेव्हा प्रणय येऊन बसला होता. ते येताच त्याने सांगितलं की त्याला फार वाईट वाटतंय. आक्काबाई ट्रॉलीतून उतरली, त्याच्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, एक विचारू? त्या बाई माझ्या पोराकडं बोट करून लई वेळ बोलल्या. तुमी चारच शब्द सांगितले. बाकीचे कुठं ठेवले?"

मग प्रणयने सगळं सांगितलं, अगदी बाईंनी सांगितलं तसंच. चांगली मराठी होती त्याची.

"मी सांगणारच होतो, आक्का."

"कवा?"

"पाहुणे गेल्यावर."

"पाहुणे तर गेले की, बाबा."

कडूबा भिंतीला टेकून उभा होता. "त्याला एकट्याला कशाला बोलता," तो म्हणाला. "त्यानं नुसतं सांगितलं. टाकला मी. पट्टी नको म्हणायली, तरी टाकला." मग तो भिकनकडे वळला. "वाचलेल्या घेऊन ये उन्हाळ्यात. रान तुजंच हाय."

उत्तर आक्काबाईने दिलं. "पाटील, तुमच्याविषयी मनात काय नाय. पण तुमच्या रानात आता आमचं जनावर उभं राहणार नाय. आमाला हिरवं ओळखू येईना झालं."

मग व्हायचं ते झालं. परिषदेचा अहवाल निघाला आणि मुखपृष्ठावर कडूबाचं रान आलं, पुढे आक्काबाई, मागे मेंढ्या आणि बाईंच्या हातात मी. फोटो सुरेख आहे. फक्त ते रान आता बिनभरवशाचं आहे आणि त्यातल्या बऱ्याच मेंढ्या माळाखाली आहेत. आत लिहिलंय की इथे केवळ मेंढ्यांच्या खतावर मका एवढा हिरवा येतो. हे वाचून शेजारच्या देशांतल्या नमुन्याच्या शेतकऱ्यांना आता विचारतात म्हणे, तुमचं असं का दिसत नाही? बिचारे खरं मोजतायत आणि बोलणी खातायत. जमेच्या बाजूला सगळ्यांना काही ना काही मिळालं. साहेबांना टाळ्या, प्रणयला आणखी एक वर्ष, देशांना एक मऊ वाक्य. खर्चाच्या बाजूला एकटा भिकन.

उरलेल्या मेंढ्या विकून भिकन शेंद्र्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. उन्हाळा आला, पण रानात जाळी ठोकायला कुणी आलं नाही. लेंडीखत नाही म्हणून पुढच्या पावसाळ्यात मका फिका निघाला. मी खरं तेच दाखवलं, दुसरा चौकोन. कडूबाने गोण्या आणल्या. माझ्याच सांगण्यावरून आणल्या, यासारखी दुसरी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं.

परवा तो मोटारीच्या खोलीत बसून भिकनशी स्पीकरवर बोलत होता.

"भिकन, कसाय?"

"बराय, दादा. गेटवरय."

"काम जड नाय ना?"

"काय जड नाय. उभं राह्याचं. इथं कंपनीनं गवत लई हिरवं ठेवलंय, दादा. रोज पाणी, रोज दवा. चरायला मात्र कुणीच नाय. उलट कुणी चरू नये म्हणूनच मला ठेवलंय."

कडूबाने फोन तसाच चालू युरियाच्या गोणीवर ठेवला. फोन कधी बंद झाला ते दोघांनाही कळलं नसावं.

मित्रांनो, माझे रंग उडत चाललेत. चौथा आणि पाचवा चौकोन आता सारखेच दिसतात, म्हणजे माझा लवकरच काही उपयोग राहणार नाही. मला जपा, पुसून ठेवा, असलं काही मी मागत नाही. प्लास्टिकची पट्टी पुन्हा ओतता येते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी परिषदेत बसेल, कुणी दोन भाषांच्या मधे उभं राहील, कुणाच्या घरी पाहुणे येतील. तेव्हा हिरवं रान बघून टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, की हे खाणार कोण आहे, आणि त्याला पुरतं सांगितलंय का.